हव्या त्या अक्षरांचा इंग्रजी शब्द सापडतो कसा?

जॉश वॉर्डल या न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या संगणक अभियंत्याने आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी एक शब्दकोडे रचले आणि २०२१ च्या ऑक्टोबरात ते सर्वांसाठी खुले केले. १ नोव्हेंबरला ते खेळणारे ९० जण होते, तर २ जानेवारी २०२२ रोजी तीन लाख. त्याच महिन्याच्या अखेरीस द न्यूयॉर्क टाइम्सने ते विकत घेतले. हे कोडे म्हणजे वर्डल. दडवलेला पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. प्रत्येक प्रयत्नानंतर अक्षर योग्य जागी असेल तर हिरवे, शब्दात असून चुकीच्या जागी असेल तर पिवळे आणि शब्दातच नसेल तर करडे होते. तेव्हापासून स्क्रॅबलसारख्या जुन्या खेळांकडेही नव्याने लक्ष गेले आणि त्याबरोबर एक प्रश्न रोजचा झाला: अमुक अक्षरे असलेला, तमुक अक्षरे नसलेला शब्द शोधायचा कसा? इंटरनेटवरची शब्दशोधक साधने ही यादी क्षणार्धात देतात, आणि चांगले इंग्रजी येणारा माणूस मात्र दहा मिनिटे कपाळाला हात लावून बसतो. त्या क्षणार्धात काय घडते आणि त्यातले किती आपल्यालाही करता येते, ते येथे पाहू. लेखात इंग्रजी स्पेलिंग जेथे महत्त्वाचे आहे तेथे अक्षरांची नावे सुटी करून लिहिली आहेत. उदाहरणार्थ, कॅट म्हणजे सी-ए-टी.

शब्द माहीत असूनही आठवत का नाही?

दुसरे अक्षर एन असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द सांगा, असे कोणी म्हटले तर बहुतेकांची गाडी बराच वेळ हलत नाही. वास्तविक स्नॅक, नाइफ, अँग्री, अंडर हे चारही शब्द शाळेतल्या मुलालाही येतात. अडचण अशी की आपल्या डोक्यातले शब्द अर्थाने आणि सुरुवातीच्या उच्चाराने लावलेले असतात, मधल्या अक्षरांनी नव्हे. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १५२ जणांना के, एल, एन, आर आणि व्ही ही अक्षरे इंग्रजी शब्दांत पहिल्या जागी अधिक येतात की तिसऱ्या, असे विचारले होते. खरे पाहता ही पाचही अक्षरे तिसऱ्या जागी अधिक येतात. तरीही १०५ जणांनी यांतल्या बहुतेक अक्षरांसाठी पहिली जागा सांगितली. पहिल्या अक्षरावरून शब्द पटकन सुचतात, म्हणून तसे शब्दच जास्त असावेत असे मनाला वाटते.

मराठी माणसाच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. देवनागरीत आपण बरेचसे उच्चाराप्रमाणे लिहितो, त्यामुळे इंग्रजी शब्दही कानांनी साठवतो. नाइफ हा शब्द आपल्या मनात न पासून सुरू होतो, पण कागदावर तो के-एन-आय-एफ-ई असा आहे. अँग्री आणि अंडर यांतला एन तर आपण अनुस्वाराच्या टिंबात बुडवून टाकलेला असतो, त्यामुळे तो स्वतंत्र अक्षर आहे याची जाणीवच राहत नाही. हे खेळ उच्चार मुळीच पाहत नाहीत. त्यांना फक्त स्पेलिंग दिसते. म्हणून शोधताना शब्द मनात म्हणून पाहण्यापेक्षा कागदावर पाच रेघा ओढून त्यांत अक्षरे बसवून पाहणे आपल्यासाठी अधिक उपयोगी ठरते.

संगणक आठवत नाही, चाळतो

संगणकाला शब्द सुचत नाहीत. त्याच्याजवळ एक यादी असते आणि ती तो एकीखाली एक लावलेल्या चाळण्यांतून काढतो. पहिली चाळणी लांबीची: पाचाहून लहान-मोठे सारे शब्द बाहेर. मग असलीच पाहिजेत अशा अक्षरांची, मग मुळीच नकोत अशा अक्षरांची, मग अमुक अक्षर अमुक जागीच आहे याची आणि शेवटी अमुक अक्षर अमुक जागी नाही याची. शेवटच्या चाळणीवर जे उरते ते उत्तर. चाळण्यांचा क्रम बदलला तरी उरणारे शब्द बदलत नाहीत, म्हणून माणसाने आपल्याला सोपी वाटेल ती चाळणी आधी लावावी.

या पाच प्रकारांपैकी शेवटचा बहुतेक जण विसरतात. वर्डलमध्ये पिवळे अक्षर दोन गोष्टी सांगते: ते शब्दात आहे आणि ते या जागी नाही. अनेक खेळाडू शोधकात पहिली गोष्ट भरतात, दुसरी भरतच नाहीत आणि मग यादी एवढी लांब का आली याचे आश्चर्य करतात.

करड्या रंगातही एक फसगत आहे. उत्तर अबाइड म्हणजे ए-बी-आय-डी-ई असेल आणि आपण स्पीड म्हणजे एस-पी-ई-ई-डी असा प्रयत्न केला, तर पहिला ई पिवळा होतो आणि दुसरा ई करडा. उत्तरात ई एकच आहे, दोन नाहीत, एवढाच त्या करड्या रंगाचा अर्थ. ई शब्दातच नाही असे समजून तो नकोत या चाळणीत टाकला की खरे उत्तरच यादीतून गळते. शोधक चुकला असे वाटणाऱ्या तक्रारींमागे पुष्कळदा हेच असते.

बहुतेक शोधकांत अज्ञात अक्षरासाठी प्रश्नचिन्ह किंवा टिंब वापरतात आणि कितीही अक्षरांसाठी तारका. युनिक्स या संगणकप्रणालीसाठी केन थॉम्प्सन यांनी १९७३ साली लिहिलेली ग्रेप ही आज्ञा अशाच नमुन्यांनी मजकूर चाळते. आजचे कितीतरी शब्दशोधक तीच कल्पना रंगीत चौकटीत घालून देतात.

विस्कटलेली सात अक्षरे

स्क्रॅबलचा प्रश्न वेगळा आहे. तेथे हातात सात अक्षरांच्या टाइल असतात आणि त्यांतली काही किंवा सर्व वापरून शब्द करायचा असतो. सातही अक्षरे वेगवेगळी असतील तर दोन ते सात लांबीच्या त्यांच्या मांडण्या १३,६९२ होतात. माणूस टाइल पुढेमागे सरकवत यांतल्या काही तपासतो आणि थकतो. संगणकाने एक एक मांडणी यादीत शोधली तरी चालेल. त्याला थकवा नाही. परंतु याहून फार सुंदर मार्ग आहे, आणि तो समजायला गणित लागत नाही.

यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे ए ते झेड या क्रमाने लावून घ्यायची. लिसन या शब्दाची अक्षरे अशी लावली की ई-आय-एल-एन-एस-टी हे रूप मिळते. सायलेंट या शब्दाचेही तेच रूप, एन्लिस्ट आणि टिन्सेल यांचेही तेच. याला आपण वर्णक्रमी रूप म्हणू. एकदा सारी यादी या रूपांखाली लावून ठेवली की हातातली अक्षरेही त्याच क्रमाने लावायची आणि ते रूप उघडायचे. त्याखाली चारही शब्द एकत्र बसलेले सापडतात. अक्षरांच्या क्रमाचा प्रश्नच उरत नसल्यामुळे आता फक्त कोणती अक्षरे घ्यायची एवढेच ठरवावे लागते, आणि सात वेगळ्या अक्षरांतून दोन किंवा अधिक अक्षरे निवडण्याचे प्रकार अवघे १२० आहेत. जेथे १३,६९२ वेळा शोधावे लागत होते तेथे १२० वेळा.

कोणत्याही अक्षराच्या जागी चालणारी कोरी टाइल, म्हणजे ब्लँक, हातात आली तर संगणक तिच्या जागी २६ अक्षरे आळीपाळीने ठेवून हेच करतो. ब्लँक आल्यावर माणसाला इतके का सुचते आणि तरी नेमके का सापडत नाही, याचे कारण या २६ पटीत आहे. मुरलेले खेळाडूही हातात टाइल आल्या की त्या आधी वर्णक्रमाने लावतात. त्यांनी पाठांतरच त्या रूपांचे केलेले असते: ए-ई-आय-एन-आर-एस-टी दिसले की रीटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर हे सात अक्षरी शब्द त्यांना एका नजरेत दिसतात. सातही टाइल एका खेळीत लावण्याला बिंगो म्हणतात आणि त्याचे ५० गुण जादा मिळतात, म्हणून हा सगळा खटाटोप.

कोणती अक्षरे आधी विचारावीत?

इंग्रजीत ई हे अक्षर सर्वांत जास्त येते हे अनेकांना ठाऊक असते. छपाईसाठी अक्षरजुळणी करणाऱ्या जुन्या लायनोटाइप यंत्राच्या कळफलकावर पहिल्या दोन उभ्या रांगांत ई, टी, ए, ओ, आय, एन आणि एस, एच, आर, डी, एल, यू असा वापराप्रमाणे क्रम लावलेला होता. पण ही आकडेवारी चालू मजकुराची आहे. वर्तमानपत्राच्या प्रत्येक ओळीत द, दॅट, धिस, विथ असे शब्द येत असल्यामुळे तेथे टी आणि एच फुगतात. शब्दांच्या यादीत मात्र द हा शब्द एकदाच येतो. म्हणून मजकुराची वारंवारता शब्दखेळात जशीच्या तशी वापरणे चुकीचे आहे.

वर्डलच्या मूळ उत्तरांच्या यादीत २,३१५ शब्द होते. त्यांत ई १,२३३ वेळा, ए ९७९ वेळा, आर ८९९ वेळा, ओ ७५४ वेळा आणि टी ७२९ वेळा येतो. एच अवघा ३८९ वेळा. तळाला क्यू २९ आणि जे २७ वेळा. जागा पाहिली तर चित्र आणखी स्पष्ट होते. एस हे अक्षर ३६६ शब्दांच्या सुरुवातीला आहे, पण शेवटी फक्त ३६ शब्दांत, कारण केवळ एस जोडून झालेली अनेकवचने उत्तरांत घेतलेली नाहीत. वाय एकूण ४२५ वेळा येतो आणि त्यांपैकी ३६४ वेळा अगदी शेवटी. म्हणजे वाय पिवळा झाला असेल तर तो शेवटी ठेवून पाहणे हा पहिला विचार असावा, आणि एस पिवळा झाला म्हणून अनेकवचन शोधत बसणे हा शेवटचा.

ही मोजदाद संगणकाच्या आधीही झालेली आहे. अमेरिकेतल्या महामंदीत काम गमावलेल्या आल्फ्रेड मोशर बट्स या वास्तुविशारदाने आपल्या खेळासाठी वर्तमानपत्रांची पाने घेऊन हाताने अक्षरे मोजली. त्याच खेळाला जेम्स ब्रुनो यांनी १९४८ साली स्क्रॅबल हे नाव दिले. शंभर टाइलपैकी ई च्या बारा आणि गुण एक, तर क्यू आणि झेड यांची प्रत्येकी एकच टाइल आणि गुण दहा. एस मात्र चारच ठेवलेले आहेत, कारण ते भरपूर असते तर जो तो समोरच्याच्या शब्दाला एस चिकटवून गुण नेत राहिला असता.

पण मग सर्वाधिक येणारी अक्षरेच घेत राहावीत का?

नाही. चांगला प्रयत्न म्हणजे ज्याचे उत्तर काहीही आले तरी बरेच शब्द बाद होतात असा प्रयत्न. शब्दात जे हे अक्षर आहे का, असे विचारले आणि उत्तर हो आले तर २,३१५ पैकी २७ शब्द उरतात, म्हणजे आनंदीआनंद. परंतु जवळजवळ नेहमीच उत्तर नाही येते आणि २,२८८ शब्द तसेच समोर उभे राहतात. ई आहे का, असे विचारले तर हो आले की १,०५६ आणि नाही आले की १,२५९. कसेही झाले तरी निम्म्याच्या आसपास ओझे उतरते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे मोजमाप मांडले त्याच्या मुळाशी हाच विचार आहे: ज्या उत्तराची आधीच खात्री होती त्यातून माहिती मिळत नाही, अनिश्चितता जितकी मोठी, तितकी उत्तरातून मिळणारी माहिती जास्त.

पाच चौकोन आणि तीन रंग यांच्या मिळून २४३ मांडण्या होतात. त्यांतल्या पाच प्रत्यक्षात अशक्य आहेत, कारण चार हिरवे झाल्यावर पाचवे अक्षर पिवळे होऊच शकत नाही. म्हणजे एका प्रयत्नातून वर्डल २३८ प्रकारची उत्तरे देऊ शकते. केवळ हो-नाही उत्तरांनी २,३१५ शब्दांतून एक काढायला बारा प्रश्नांपर्यंत जावे लागेल. येथे तीन-चारांत काम होते ते यामुळे.

हा विचार किती कामाचा आहे ते आय-जी-एच-टी या शेपटावर स्पष्ट दिसते. समजा दोन प्रयत्नांत शेवटची चार अक्षरे हिरवी झाली. आता एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट आणि टाइट असे आठ परिचित शब्द उरतात आणि प्रयत्न चार. एकेक शब्द ठोकून पाहिला तर निम्म्या वेळा हार ठरलेली. त्याऐवजी उत्तर असूच शकत नाही असा शब्द मुद्दाम घालावा: फिल्म्स, म्हणजे एफ-आय-एल-एम-एस. एफ हिरवा झाला तर फाइट, आणि एल, एम, एस यांतले जे पिवळे होईल त्यावरून लाइट, माइट किंवा साइट निश्चित. यांतले एकही हिरवे-पिवळे झाले नाही तर पुढे ट्रेंड, म्हणजे टी-आर-ई-एन-डी. ई पिवळा झाला तर एट, एन झाला तर नाइट, आर झाला तर राइट आणि पहिला टी हिरवा झाला तर टाइट. उत्तर उशिरात उशिरा पाचव्या प्रयत्नात हाती येते, नशिबाचा संबंध नाही. हातचा प्रयत्न वाया घालवल्यासारखा वाटतो म्हणून नवखे खेळाडू हे करत नाहीत, आणि माझ्या मते वर्डलमधल्या हरण्यांचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. मिळालेले प्रत्येक अक्षर पुढच्या प्रयत्नात वापरलेच पाहिजे अशी अट घालणारा हार्ड मोड निवडला असेल तर ही वाट बंद होते. मग अशा शेपटांत आधीच न अडकणे एवढेच हाती राहते.

सर्वोत्तम पहिला शब्द कोणता?

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातील दिमित्रिस बर्टसिमास आणि ॲलेक्स पास्कोव्ह यांनी २,३१५ शब्दांच्या मूळ यादीवर सगळ्या शक्यता तपासून दाखवले की एस-ए-एल-ई-टी, म्हणजे सॅलेट, या शब्दाने सुरुवात करून पुढची प्रत्येक खेळी बिनचूक केली तर सरासरी ३.४२१ प्रयत्न लागतात आणि पाचाहून जास्त कधीच लागत नाहीत. सॅलेट हे मध्ययुगीन शिरस्त्राणाचे नाव. बातमी वाचून अनेकांनी हा शब्द पाठ केला, परंतु अट वाचली नाही: ही सरासरी पुढच्या प्रत्येक खेळीत संगणकाचा सल्ला घेणाऱ्याची आहे. पुढचा विचार स्वतः करणाऱ्याला स्लेट, म्हणजे एस-एल-ए-टी-ई, हा ओळखीचा शब्द पुरेसा चांगला आहे. त्यात तीच पाच अक्षरे आहेत. रोज वेगळा शब्द सुचेल तो घालणाऱ्याचेही फार बिघडत नाही, फक्त त्यात अक्षर दोनदा नसावे आणि किमान दोन स्वर असावेत.

शब्दकोशात आहे, तरी खेळ का नाकारतो?

कारण प्रत्येक खेळाची यादी वेगळी आहे आणि ती माणसांनी ठरवलेली आहे. वर्डलजवळ सुरुवातीपासून दोन याद्या होत्या: प्रयत्न म्हणून स्वीकारले जाणारे १२,९७२ शब्द आणि त्यांतून निवडलेली २,३१५ उत्तरे. सुमारे बारा हजार शब्दांतून ओळखीचे निवडण्याचे काम पलक शाह यांनी केले होते. खेळ विकत घेतल्यावर टाइम्सने काही उत्तरे काढली. त्यांत फायबर या शब्दाचे एफ-आय-बी-आर-ई हे ब्रिटिश स्पेलिंगही गेले. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात, म्हणून ही गोष्ट आपल्याला थेट लागू होते. ह्यूमर आणि फेव्हर हे शब्द आपल्या लेखी सहा अक्षरांचे, त्यामुळे पाच अक्षरी कोड्यात ते आपल्याला सुचतच नाहीत. वर्डलमध्ये मात्र यू गाळलेले त्यांचे अमेरिकी रूप उत्तर म्हणून येते. ओ-आर हे शेपूट दिसले की हे लक्षात ठेवावे.

स्क्रॅबलमध्ये तर दोन मोठ्या याद्या समांतर चालतात. उत्तर अमेरिकेबाहेरच्या इंग्रजी स्पर्धांत मुख्यतः कॉलिन्सची यादी वापरतात. तिची २०१९ ची आवृत्ती २,७९,४९६ शब्दांची होती, तर अमेरिका आणि कॅनडातील यादीची २०१८ ची आवृत्ती १,९२,१११ शब्दांची. त्या आवृत्त्यांत दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये १२७, तिकडे १०७. त्यामुळे शोधकात खेळाचे नाव किंवा यादी निवडण्याची सोय असेल तर ती आधी पाहावी. चुकीच्या यादीतला अप्रतिम शब्द पटावर शून्य गुणांचा.

भारतीय खेळाडूंना या याद्यांत एक सुखद आश्चर्य आहे. लाख, क्रोर, घाट, धोती, रोटी, राज हे शब्द तेथे इंग्रजी म्हणून चालतात, आणि के, एच, जे यांसारख्या अवघड टाइल त्यांत खपतात. यू हाताशी नसताना क्यू आला की पंचाईत होते. तेव्हा क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द किंवा एफ-ए-क्यू-आय-आर असा लिहिलेला फकीर कामी येतो. टाइम्सच्याच स्पेलिंग बी या कोड्याची तऱ्हा आणखी निराळी: सात अक्षरे, मधले अक्षर वापरलेच पाहिजे, शब्द किमान चार अक्षरांचा, एकच अक्षर कितीही वेळा चालते, आणि कोणता शब्द धरायचा हे संपादक ठरवतो. तेथे मोठ्या यादीवरचा शोधक जे शब्द देईल त्यांतले बरेच नाकारले जातात, आणि त्यात शोधकाचा दोष नसतो.

ही फसवणूक नव्हे का?

एकट्याने कोडे सोडवताना नियम आपलाच असतो. तरीही आजचे उत्तर सांगणारे पान उघडणे आणि आपण जमवलेल्या अटी शोधकात भरणे यांत फरक आहे. दुसऱ्यात चाळणीचे कष्ट यंत्र करते, पण उरलेल्या शब्दांतून निवड आपल्याला करावी लागते. दुसऱ्या माणसाविरुद्ध खेळताना मात्र, दोघांनी आधी ठरवले नसेल तर, शोधक वापरणे ही सरळ लबाडी आहे. स्क्रॅबलच्या स्पर्धांत संगणक असतो तो केवळ निवाड्यासाठी: आक्षेप घेतल्यावर शब्द टंकायचा आणि खेळी चालेल की नाही एवढेच तो सांगतो, दुसरा शब्द सुचवत नाही. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या बंधूंनी २००६ साली सुरू केलेल्या स्क्रॅब्युलससारख्या खेळांमुळे स्क्रॅबल दूरच्या माणसाशी खेळता येऊ लागले, त्यातून अमेरिकेत कायदेशीर वादही झाला. आणि समोरचा दिसेनासा झाल्यावर या निवाड्याची जागा केवळ विश्वासाने घेतली.

डाव संपल्यावर शोधक उघडणे हा मला त्याचा सर्वांत चांगला उपयोग वाटतो. हातात तीच सात अक्षरे असताना काय काय होऊ शकले असते हे लगेच पाहिले की ते वर्णक्रमी रूप डोक्यात पक्के बसते.

याने इंग्रजी सुधारते का?

थोडे, आणि मुख्यतः स्पेलिंग. शब्दखेळातले प्रावीण्य आणि भाषेवरचे प्रभुत्व या किती वेगळ्या गोष्टी आहेत हे न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी दाखवून दिले. फ्रेंच बोलता येत नसताना सुमारे नऊ आठवडे फ्रेंच शब्दयादी पाठ करून ते २०१५ साली फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलचे जागतिक विजेते झाले, आणि २०२४ मध्ये त्यांनी स्पॅनिशमध्येही तेच केले. त्यांच्यासाठी शब्द म्हणजे अर्थ नसलेली अक्षरांची वैध मांडणी. मुलांचे इंग्रजी सुधारावे म्हणून हे खेळ देणाऱ्या पालकांनी सापडलेल्या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहण्याची सवय वेगळी लावावी लागेल. खेळ स्वतःहून ती लावत नाही.

मराठीसाठी हीच यंत्रणा चालेल का?

चाळण्या त्याच, पण आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: अक्षर म्हणजे काय धरायचे? स्त्री हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत मात्र ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशा सहा खुणांचे बनते. ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द बोलताना चार अक्षरी, साठवताना पंधरा खुणांचा. इंग्रजीसाठी लिहिलेला शोधक मराठी यादीवर जसाच्या तसा चालवला आणि पाच लांबीचे शब्द मागितले, तर तो खुणा मोजेल आणि कोणाही मराठी माणसाला पाच अक्षरी वाटणार नाहीत असे शब्द देईल.

खुणांऐवजी पूर्ण अक्षर एकक धरले तर दुसरी अडचण उभी राहते. इंग्रजीत २६ पर्याय आहेत. आपल्याकडे ३४ व्यंजनांची बारा-बारा रूपे धरली तरी चारशेच्या वर होतात, जोडाक्षरे वेगळीच. इतक्या पर्यायांत ‘का’ हे अक्षर चुकले म्हणून ‘कि’, ‘की’, ‘कु’ यांच्याविषयी काही कळत नाही आणि एका प्रयत्नातून मिळणारी माहिती फार कमी होते. तेव्हा व्यंजन आणि स्वरचिन्ह यांना वेगवेगळा रंग देणे, म्हणजे क बरोबर पण काना चुकीचा असे सांगणे, हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. यादीचा प्रश्न याहून जड आहे, कारण घर, घरी, घरात, घराला, घराचा यांतले कोणते स्वतंत्र शब्द धरायचे आणि कोणते केवळ रूपे, हे इंग्रजीतल्या एका एस इतक्या सहज ठरवता येत नाही.